लिंबू: ताटात रोज, अंगाला दिवेलागणीनंतर

सोलापुरात पारा ४२-४३ अंशांवर गेला की घरोघरी लिंबाचा खप वाढतो आणि नेमका तेव्हाच भावही चढतो. त्यामुळे घेतलेलं एकही लिंबू वाया जाता कामा नये. आणि कातडीला लावताना वेळ चुकता कामा नये, कारण चुकीच्या वेळी लावलेलं लिंबू डाग घालवत नाही, नवे डाग पाडतं.

निवड आणि साठवण

लक्ष्मी मंडईत वाटा उचलण्याआधी एक लिंबू हातात घेऊन दाबून बघा. कागदी लिंबाची साल पातळ, गुळगुळीत, पिवळट हवी, फळ आकाराच्या मानाने जड लागलं पाहिजे आणि बोटाखाली थोडं दबलं पाहिजे. जाड सालीचं, खडबडीत, हिरवंगार आणि दगडासारखं कडक लिंबू रसाला कमी भरतं. चांगल्या मध्यम लिंबातून १५ ते २० मिलि, म्हणजे तीन-चार लहान चमचे रस निघतो. पिळण्याआधी पाच मिनिटं कोमट पाण्यात ठेवून ओट्यावर तळहाताने दाबून लाटलं, तर आतले कप्पे फुटतात आणि रस जास्त सुटतो.

आपल्या कोरड्या हवेत उघड्या टोपलीतली लिंबं तीन-चार दिवसांत सुकून टणक होतात. पुसून घट्ट झाकणाच्या डब्यात घालून फ्रिजमध्ये ठेवली तर तीन आठवडे सहज टिकतात. स्वस्ताई असेल तेव्हा रस गाळून बर्फाच्या साच्यात गोठवा. एका खणात एका लिंबाचा रस मावतो, मग उन्हाळ्यात मोजमाप सोपं जातं.

पोटात

सरबतासाठी एका मोठ्या ग्लासाला (२५० मिलि) अर्ध्या ते एका लिंबाचा रस, दोन लहान चमचे साखर आणि चिमूटभर मीठ पुरतं. सरबत कडू होतं ते बियांमुळे: पिळताना बी चिरडली किंवा बियांसकट रस तसाच राहिला की कडवटपणा उतरतो. म्हणून गाळणीवरच पिळा, शेवटचा थेंब काढायला साल चुरगळू नका. सरबत तांब्याच्या किंवा कल्हई गेलेल्या पितळेच्या भांड्यात ठेवू नका. आंबटाने तांबं विरघळतं आणि मळमळ, उलट्या होतात. स्टील, काच किंवा चिनी मातीचंच भांडं घ्या.

जुलाब लागलेल्याला मात्र हे नेहमीचं सरबत चालत नाही. तिथे माप नेमकं लागतं: १ लिटर स्वच्छ पाण्यात ६ सपाट लहान चमचे साखर आणि अर्धा सपाट लहान चमचा मीठ. लिंबू चवीपुरतं. मिठाचं प्रमाण वाढलं तर अपाय होतो, म्हणून अंदाजाने घालू नका. दवाखान्यातली किंवा मेडिकलमधली ओआरएसची पुडी मिळत असेल तर तीच आधी.

लिंबाचा सर्वांत मोठा फायदा ताटात आहे. ज्वारीच्या भाकरीत, मटकीच्या उसळीत, पालेभाजीत लोह असतं, पण धान्य-कडधान्यातल्या फायटेटमुळे ते अंगी कमी लागतं. जेवतानाच 'क' जीवनसत्त्व पोटात गेलं की ते लोह विरघळलेल्या रूपात राहतं आणि शोषलं जातं. म्हणून उसळीवर अर्धं लिंबू पिळा, पण ताटात वाढल्यावर. उकळत्या आमटीत पिळलं तर आंबटपणा राहतो, 'क' जीवनसत्त्व बरंच निघून जातं. आणि जेवणावर लगेच चहा घेतलात तर चहातले टॅनिन तेच लोह अडवतात. मध्ये तासभर तरी जाऊ द्या. घरात कुणाचं हिमोग्लोबिन कमी असेल तर ही सवय गोळ्यांच्या जोडीला नक्की लावावी, गोळ्या बंद करून नव्हे.

मुतखड्याचा त्रास असणाऱ्यांनाही लिंबूपाणी उपयोगी पडतं. त्यातलं सायट्रेट लघवीतल्या कॅल्शियमला धरून ठेवतं, त्यामुळे खडे बनायला अटकाव होतो. झालेला खडा मात्र त्याने विरघळेल अशा आशेवर दुखणं अंगावर काढू नका. सकाळच्या कोमट लिंबू-मधाने चरबी वितळते ही समजूतही सोडलेली बरी. साखरेच्या चहाऐवजी घेतलं तर तेवढी साखर वाचते, इतकंच.

आंबटाने दातांचं आवरण काही वेळ मऊ पडतं. लिंबू चोखू नका, सरबतानंतर साध्या पाण्याने चूळ भरा आणि अर्धा तास ब्रश करू नका.

कातडीवर

लिंबाच्या रसात, आणि त्याहून जास्त सालीच्या तेलात, उन्हाशी संयोग होऊन कातडी भाजणारी द्रव्यं असतात. दुपारी उघड्यावर लिंबं पिळली आणि हात न धुता उन्हात फिरलं, तर एक-दोन दिवसांनी मनगटाकडून कोपराकडे ओघळलेल्या रसाची रेघ जशीच्या तशी लाल उमटते, कधी फोड येतात, आणि मागे उरलेला काळा डाग काही आठवडे, कधी काही महिने जात नाही. म्हणून लिंबाचं अंगावरचं कोणतंही काम सूर्य मावळल्यावर, आणि नंतर साबणाने स्वच्छ धुऊन.

निव्वळ रस चेहऱ्याला कधीच नको. दोन मोठे चमचे दही, एक चमचा बेसन आणि रसाचे फक्त चार-पाच थेंब असा लेप करा. आधी कोपराच्या आतल्या बाजूला लावून, धुऊन एक दिवस वाट पाहा. खाज किंवा लाली आली तर सोडून द्या. चेहऱ्यावर ८-१० मिनिटं ठेवा, वाळून ताणायच्या आत धुवा. चिरा, मुरुमाचे फोड, नुकतंच वॅक्सिंग किंवा दाढी केलेली जागा टाळा. लिंबात खाण्याचा सोडा घालून चोळण्याचा प्रकार तर मुळीच नको, त्याने कातडीला इजा होऊ शकते.

बोअरच्या जड पाण्याने केस चिकट, राठ होत असतील तर लिंबू खरंच कामाला येतं. पाण्यातले क्षार आणि साबण मिळून केसांवर जो थर बसतो, तो आंबटाने सुटतो.

१. एका लिंबाचा रस पातळ फडक्यातून गाळून १ लिटर पाण्यात मिसळा. गर राहिला तर केसांत अडकतो.
२. संध्याकाळी केस धुतल्यावर हे पाणी डोळे सांभाळून केसांवर ओता.
३. दोन मिनिटांनी साध्या पाण्याने धुऊन टाका.

आठवड्यातून एकदा पुरे. कोंडा याने मुळातून जात नाही. तो बुरशीशी संबंधित असतो, त्यासाठी औषधी शाम्पू लागतो.

हळदीने पिवळी झालेली नखं पिळलेल्या सालीने मिनिटभर चोळून धुवा, मग थोडं तेल लावा.

टाचांना भेगा असतील तर रात्री बादलीभर कोमट पाण्यात अर्धं लिंबू पिळून दहा मिनिटं पाय बुडवा, वजरीने हलक्या हाताने घासा, धुवा, कोरडे करा आणि खोबरेल तेल किंवा व्हॅसलिन चोपडून सुती मोजे घाला. खरं काम वजरीचं आणि तेलाचं आहे, लिंबू मदतनीस. भेगेतून रक्त येत असेल किंवा मधुमेह असेल तर लिंबूही नको, वजरीही नको, पाय थेट डॉक्टरांना दाखवा.