सीबीडी तेल घेण्यापूर्वी बाटली आणि तिचा अहवाल कसा तपासावा

गुडघेदुखी, झोपेची तक्रार किंवा मनाची अस्वस्थता ह्यांवर उपाय म्हणून सीबीडी तेलाची, म्हणजे भांगेच्या झाडातील सीबीडी हे द्रव्य असलेल्या तेलाची, छोटी तपकिरी बाटली हल्ली इंदूरच्या मराठी घरांतही दिसू लागली आहे. ती कुणाच्या मुलाने अमेरिकेहून येताना आणलेली असते, तर कुणी मोबाइलवरची जाहिरात पाहून घरपोच मागवलेली असते. माळव्याला ही वनस्पती परकी नाही. उज्जैनला महाकालाचा भांगेचा शृंगार होतो, महाशिवरात्रीला घोटा, म्हणजे भांगेचे पेय, होतो, आणि मध्य प्रदेशात भांगेची परवानाधारक दुकाने उघडपणे चालतात. त्यामुळे ‘भांगेचंच तर आहे, त्याने काय होतंय’ असे वडीलधारी माणसेही सहज बोलून जातात. पण घोटा पिणाऱ्याला आपण भांग पीत आहोत हे निदान ठाऊक असते. बाटलीतले तेल जिभेखाली टाकणाऱ्याला त्यात सीबीडी किती, नशा आणणारे टीएचसी किती आणि ह्या दोन्हींखेरीज आणखी काय आहे, हे बाटलीकडे पाहून कळणे शक्य नसते. ते कळून घ्यायचे तर पुढील क्रमाने तपासणी करावी.

प्रथम बाटली कोणत्या प्रकारची आहे ते ठरवा

बाजारात ‘हेंप’ (भांगेच्याच झाडाचे इंग्रजी नाव) ह्या एकाच नावाखाली तीन वेगवेगळ्या वस्तू विकल्या जातात आणि निम्मी फसगत इथेच होते.

पहिली वस्तू म्हणजे बियांचे तेल. हे खाद्यतेल आहे. भारतीय अन्न सुरक्षा प्राधिकरणाने नोव्हेंबर 2021 मध्ये हेंपच्या बिया, बियांचे तेल आणि पीठ ह्यांना अन्न म्हणून मान्यता दिली. बियांमध्ये सीबीडी जवळजवळ नसतेच; जे सापडते ते फुलापानांच्या संसर्गातून आलेले असते. त्या नियमांनुसार बियांच्या तेलात टीएचसी किलोमागे 10 मिलिग्रॅमपेक्षा आणि सीबीडी किलोमागे 75 मिलिग्रॅमपेक्षा अधिक असता कामा नये. ह्या वस्तूच्या वेष्टनावर आरोग्यविषयक दावा करण्यास मनाई आहे, तसेच बी वगळता ह्या झाडाच्या कोणत्याही भागाचे चित्र छापण्यासही मनाई आहे. म्हणून चौदा अंकी अन्न परवाना क्रमांक, हिरवे पाचबोटी पान आणि ‘सांधेदुखीवर गुणकारी’ हे तिन्ही एकाच बाटलीवर दिसले, तर ती बाटली तिथेच ठेवून द्यावी. खोबरेल किंवा तिळाच्या तेलाच्या कित्येक पट दराने हे खाद्यतेल ‘सीबीडी’ म्हणून गळ्यात मारले जाते.

दुसरी वस्तू म्हणजे ‘विजया’ ह्या भांगेच्या आयुर्वेदिक नावाने विकले जाणारे आयुर्वेदिक औषध. 1985 च्या अमली पदार्थविरोधी कायद्यात गांजाच्या व्याख्येतून बिया आणि, शेंडे सोबत नसतील तर, पाने वगळलेली आहेत, आणि भारतात उघडपणे विकले जाणारे अर्क ह्याच पानांच्या आधारावर उभे आहेत. मात्र औषधविषयक नियमांच्या अनुसूची ई-1 मध्ये भांग ही, बिया सोडून, विषारी द्रव्यांच्या यादीत आहे. तिच्या शेजारी बिब्बा, धोतरा, बचनाग आणि कुचला आहेत, हे वाचले की ‘नैसर्गिक म्हणजे निरुपद्रवी’ हा समज आपोआप ढिला पडतो. अशा औषधाच्या वेष्टनावर ते वैद्यकीय देखरेखीखाली घ्यावे अशी सूचना हिंदी आणि इंग्रजी दोन्हींत असणे बंधनकारक आहे.

तिसरी वस्तू म्हणजे परदेशी बाटली. अमेरिकेत 2018 च्या शेतीविषयक कायद्याने कोरड्या वजनाच्या 0.3 टक्क्यांपर्यंत टीएचसी असलेल्या हेंपला अमली पदार्थांतून वगळले. ही सीमा त्यांच्या कायद्यातली आहे. आपल्या कायद्यात अशी सरसकट सूट नाही आणि टीएचसी हे द्रव्य आपल्याकडे अमली द्रव्यांच्या अनुसूचीत आहे. भाचा न्यू जर्सीच्या दुकानातून पावतीसह घेऊन आला, ह्या पावतीचा इथल्या विमानतळावर उपयोग नाही. त्याला आणू नकोस असे आधीच सांगावे, कारण अडकला तर तो अडकेल, मागवणारी मावशी नव्हे.

वेष्टन भिंगाने वाचा

आयुर्वेदिक औषधावर उत्पादकाचे नाव व पत्ता, उत्पादन परवाना क्रमांक, बॅच क्रमांक, उत्पादनाची व वापर संपण्याची तारीख आणि घटकांची प्रमाणासह यादी असावी. ‘विपणन’ करणारी कंपनी आणि ‘उत्पादन’ करणारी कंपनी बहुधा वेगवेगळ्या असतात. परवाना उत्पादकाचा लागतो. ह्यांपैकी एकही गोष्ट नसेल तर पुढे तपासण्याचे कारण उरत नाही.

इथे एक चलाखी फार चालते. ठळक अक्षरांत ‘3000 मिलिग्रॅम’ छापलेले असते आणि खाली बारीक अक्षरांत ‘विजया अर्क’ असे असते. हा आकडा अर्काच्या वजनाचा आहे, सीबीडीचा नव्हे. अर्कात सीबीडी किती टक्के आणि टीएचसी किती टक्के, हे वेगळे दिले नसेल तर त्या 3000 चा अर्थ शून्य. अर्काचा मोठा भाग मेण, रंगद्रव्ये आणि टीएचसीही असू शकतो.

कर्करोग, मधुमेह किंवा अपस्मार बरा होतो असे जाहिरातीत म्हटले असेल तर तो 1954 च्या औषधे व जादुई उपाय कायद्याचा सरळ भंग आहे, आणि जो विक्रेता इतका उघड नियम पाळत नाही तो न दिसणारे नियम पाळत असेल असे मानणे भोळेपणाचे ठरेल.

बॅचचा अहवाल मागा आणि तो गणित करून पाहा

सगळ्या तपासणीचा गाभा म्हणजे त्या बॅचच्या प्रयोगशाळा-चाचणीचा हा कागद. 2017 साली अमेरिकन वैद्यकीय संघटनेच्या नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात ऑनलाइन घेतलेली 84 सीबीडी उत्पादने तपासली गेली. त्यांतील फक्त 31 टक्के उत्पादनांवरचा आकडा खरा निघाला. 26 टक्क्यांत सीबीडी सांगितल्यापेक्षा कमी आणि 43 टक्क्यांत जास्त होते, तर 18 उत्पादनांत टीएचसी सापडले. त्याच वर्षाच्या अखेरीस आणि पुढच्या जानेवारीत युटा राज्यात सीबीडी म्हणून विकलेल्या तेलांमुळे 52 जणांना विषबाधा झाल्याची नोंद झाली. तपासलेल्या नमुन्यांत कारखान्यात बनवलेले कृत्रिम कॅनाबिनॉइड, म्हणजे भांगेतील द्रव्यांसारखा परिणाम करणारे रसायन, निघाले. तेव्हा नावाजलेला ब्रँड, पाचपैकी साडेचार तारे किंवा शेजारच्या काकांचा अनुभव हे काहीही अहवालाची जागा घेऊ शकत नाही.

अहवाल हाती आला की प्रथम त्यावरील बॅच क्रमांक बाटलीवरच्या क्रमांकाशी अक्षरशः जुळवावा. ‘आमचा नेहमीचा रिपोर्ट आहे’ हे उत्तर ग्राह्य धरू नये. दर पिकात आणि दर काढणीत प्रमाण बदलते. मग प्रयोगशाळा पाहावी. ती उत्पादकाची स्वतःची नसावी, तिला एनएबीएलची, म्हणजे प्रयोगशाळांना मान्यता देणाऱ्या राष्ट्रीय मंडळाची, मान्यता असावी, आणि ती मान्यता नेमक्या ह्याच चाचण्यांसाठी असावी. पाण्याच्या तपासणीसाठी मान्यता मिळालेल्या प्रयोगशाळेचे बोधचिन्ह सीबीडीच्या अहवालावर असून भागत नाही. एनएबीएलच्या संकेतस्थळावर प्रयोगशाळेच्या नावाने मान्यतेची व्याप्ती पाहता येते. अहवालावर क्यूआर कोड असल्यास तो प्रयोगशाळेच्या संकेतस्थळावर जातो की विक्रेत्याच्याच, हे पाहावे. शंका आली तर अहवाल क्रमांक देऊन प्रयोगशाळेलाच विचारावे.

आता आकडे. समजा 30 मिलिलिटरच्या बाटलीवर 1500 मिलिग्रॅम सीबीडी लिहिले आहे, म्हणजे मिलिलिटरमागे 50 मिलिग्रॅम. अहवालात मात्र सीबीडी वजनाच्या 3.1 टक्के, म्हणजे ग्रॅममागे 31 मिलिग्रॅम आहे. तेल पाण्यापेक्षा हलके असते; एका मिलिलिटरचे वजन सुमारे 0.92 ग्रॅम धरले तर मिलिलिटरमागे साधारण 28.5 मिलिग्रॅम आणि पूर्ण बाटलीत 855 च्या आसपास मिलिग्रॅम भरते. 1500 चे पैसे घेऊन 855 दिले. हा हिशेब कागद-पेन्सिलने दोन मिनिटांत होतो आणि पुष्कळ बाटल्या ह्यातच नापास होतात.

टीएचसीच्या रकान्यात एकच आकडा पाहून थांबू नये. वनस्पतीत ते आम्लरूपातही असते आणि उष्णतेने त्याचे टीएचसी बनते. म्हणून आम्लरूपाच्या आकड्याला 0.877 ने गुणून मूळ टीएचसीत मिळवावे लागते. समजा बेरीज 0.2 टक्के आली, तर ऐकायला ती नगण्य वाटते. पण रोज एक मिलिलिटर घेणाऱ्याच्या पोटात त्यातून पावणेदोन मिलिग्रॅमहून अधिक टीएचसी जाते. वयस्क माणसाला त्याने भोवळ येऊ शकते, आणि नोकरीसाठी लघवीची चाचणी द्यावी लागणाऱ्या तरुणाला तर ते महागच पडेल. ‘आढळले नाही’ असे लिहिले असेल तर प्रयोगशाळेची मोजण्याची किमान मर्यादा काय होती तेही वाचावे, कारण मर्यादाच ढोबळ असेल तर पुष्कळ काही तिच्याखालून निसटते. ‘डेल्टा-8’ (टीएचसीचाच एक नशा आणणारा प्रकार) असे काही दिसले तर ती वस्तू टाळावीच. ते बहुधा सीबीडीवर आम्लाची प्रक्रिया करून बनवलेले असते आणि सोबत कोणती उपद्रव्ये तयार झाली ह्याचा हिशेब क्वचितच दिलेला असतो.

दूषित द्रव्यांचे पान अनेक विक्रेते पाठवतच नाहीत. ते आग्रहाने मागावे. हेंपची मुळे जमिनीतील जड धातू सहज शोषतात, इतकी की दूषित जमीन शुद्ध करण्यासाठीही हे पीक अभ्यासले गेले आहे. पुढे अर्क काढताना जे काही त्यात असते ते आणखी घट्ट होऊ शकते. आयुर्वेदिक औषधांसाठी शिसे 10, आर्सेनिक 3, पारा 1 आणि कॅडमियम 0.3 पीपीएम (दहा लाख भागांत इतके भाग) ह्या कमाल मर्यादा आहेत. त्यांखेरीज कीटकनाशके, बुरशीपासून होणारे अफ्लाटॉक्सिन हे विष आणि, अर्क हेक्सेनसारख्या द्रावकाने काढला असल्यास, उरलेले द्रावक ह्यांच्या चाचण्या असाव्यात. फक्त सीबीडीचा आकडा असलेला एकपानी अहवाल हा अर्धाच अहवाल होय.

ओढून घ्यायच्या, म्हणजे वेपच्या स्वरूपातील वस्तूंविषयी वेगळे सांगण्याची गरज नाही. ई-सिगारेटवर आपल्याकडे 2019 पासून बंदी आहे.

चालू औषधांची यादी डॉक्टरांपुढे ठेवा

बाटली शुद्ध निघाली म्हणजे ती आपल्याला चालेल असे नाही. सीबीडी यकृतातील काही विकरांचे (एन्झाइमांचे) काम मंदावते आणि त्याच विकरांवर अवलंबून असलेल्या औषधांची रक्तातील पातळी त्यामुळे वाढते. रक्त पातळ ठेवणारे वॉरफरिन घेणाऱ्याचे रक्त गरजेपेक्षा पातळ होऊ शकते, झटक्यांवरचे क्लोबाझाम घेणाऱ्याला अतिशय गुंगी येऊ शकते, आणि मूत्रपिंड प्रत्यारोपणानंतर टॅक्रोलिमस हे औषध चालू असणाऱ्याने तर हा विचारही तज्ज्ञाला विचारल्याशिवाय करू नये. व्हॅल्प्रोएट ह्या अपस्मारावरील औषधासोबत रक्तातील यकृताची विकरे वाढलेली दिसतात. गर्भवती आणि स्तनपान करणाऱ्या स्त्रियांनी सीबीडी घेऊ नये.

अमेरिकेच्या औषध प्रशासनाने जून 2018 मध्ये शुद्ध सीबीडीचे एक औषध मंजूर केले खरे. पण ते लेनॉक्स-गॅस्टॉ आणि ड्रॅव्हे ह्या मुलांतील दुर्धर झटक्यांसाठी, ठरलेल्या मात्रेत आणि यकृताच्या रक्तचाचण्यांसह. त्या मंजुरीचा दाखला देऊन गुडघ्यासाठी तेल विकणे म्हणजे शुद्ध हातचलाखी आहे. ब्रिटनच्या अन्न मानक संस्थेने ऑक्टोबर 2023 मध्ये निरोगी प्रौढांनी अन्नातून दिवसाला 10 मिलिग्रॅमपेक्षा जास्त सीबीडी घेऊ नये असा सल्ला दिला. वर हिशेब केलेल्या नापास बाटलीतल्या अर्ध्याहूनही कमी मिलिलिटरमध्ये ही मर्यादा संपते.

विजयायुक्त औषध नोंदणीकृत वैद्यांच्या लेखी सल्ल्यानेच घ्यावे. संकेतस्थळावर नाव आणि वय भरताच पाच मिनिटांत येणाऱ्या चिठ्ठीपेक्षा, आपली जुनी फाइल पाहणाऱ्या वैद्यांपुढे बाटली आणि अहवाल दोन्ही ठेवावेत. ॲलोपॅथीच्या डॉक्टरांपासूनही ही गोष्ट लपवू नये. आईसाहेबांना संकोच वाटत असेल तर मुलाने किंवा सुनेने सांगावी.

घरी आणल्यावर

बाटली काळसर काचेची असावी आणि कपाटात, उजेड व उष्णतेपासून दूर ठेवावी. मे महिन्यात दिवसभर कुरियरच्या गाडीत तापलेले पार्सल ‘दाराशी ठेवा’ म्हणू नये. खवट वास येणारे तेल वापरू नये. नातवंडांना ते सिरपसारखे वाटते, म्हणून ते कुलपात राहिले पाहिजे. ड्रॉपरवर मिलिलिटरच्या खुणा नसतील तर ‘पाच थेंब’ ह्या मापाचा भरवसा धरू नये. थेंबाचा आकार ड्रॉपरनुसार बदलतो. पहिल्या काही दिवसांत गाडी चालवू नये आणि मद्य घेऊ नये.

त्रास झाला तर

फार गुंगी, बरळणे, छातीत धडधड, उलट्या, डोळे किंवा लघवी पिवळी होणे ह्यांपैकी काही दिसले तर तेल थांबवून रुग्णाला रुग्णालयात न्यावे आणि बाटली सोबत न्यावी. अपघात विभागात ‘काही घेतले का’ असे विचारल्यावर लाजेने ‘नाही’ म्हटले, तर डॉक्टर सत्तरीच्या माणसाच्या गुंगीचे कारण मेंदूच्या झटक्यात शोधत बसतील. उरलेले तेल दुसऱ्या बाटलीत ओतू नये आणि वेष्टन, बिल, अहवाल ह्यांचे फोटो काढून ठेवावेत. दुष्परिणामाची नोंद राष्ट्रीय औषधसतर्कता कार्यक्रमाच्या 1800-180-3024 ह्या निःशुल्क क्रमांकावर करता येते. फसवणुकीची तक्रार राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या 1915 वर नोंदवावी, आणि वस्तू आयुर्वेदिक औषध म्हणून विकलेली असल्यास जिल्हा आयुष कार्यालयात, खाद्यतेल म्हणून विकलेली असल्यास खाद्य सुरक्षा अधिकाऱ्यांकडे, बॅच क्रमांकासह लेखी अर्ज देऊन पोच घ्यावी.