‘मित्रदेशांत जुंपली’ अशी बातमी आली की ती कशी वाचायची

ठाण्याहून वाशीला जाणाऱ्या लोकलमध्ये आमचा पाचसहा जणांचा ग्रुप आहे आणि ऐरोली यायच्या आत कुणीतरी मोबाइल पुढे करतोच, बघ रे अमेरिकेने जर्मनीला झापलं, आता नाटो (अमेरिका, कॅनडा आणि युरोपातल्या देशांची लष्करी युती) फुटणार. आमच्या डब्यात नाटो २०१८ पासून दर दोन महिन्यांनी फुटतेय. मीपण आधी तावातावाने बोलायचो, एकदा चांगला तोंडावर आपटलो (सांगतो पुढे), तेव्हापासून अशा बातम्या वाचायची माझी एक पद्धत बसलीय, ती लिहितोय.

आधी एक कागद घ्या, किराणाच्या बिलाची मागची बाजू चालेल, आणि मधोमध उभी रेघ मारा. डावीकडे लिहा त्या देशाचं गॅस-तेल कुठून येतं, उजवीकडे लिहा उद्या कुणी हल्ला केला तर धावून कोण येणार. दोन्हीकडे वेगवेगळी नावं आली की आज ना उद्या वाजणारच. जर्मनीचं २०१८ चं बघा, डावीकडे रशिया, उजवीकडे अमेरिका. म्हणूनच जुलै २०१८ मध्ये ब्रसेल्सला नाटोच्या बैठकीआधी नाश्त्याच्या टेबलवर ट्रम्प कॅमेऱ्यांसमोर बोलला की जर्मनी रशियाच्या कब्जात आहे, आम्ही तुम्हाला रशियापासून वाचवायचं आणि तुम्ही रशियालाच अब्जावधी द्यायचे. बोलायची पद्धत त्याची, पण दुखणं जुनं. १९८२ ला सायबेरियातून युरोपात गॅस आणायच्या पाइपलाइनवरून अमेरिकेचा तेव्हाचा अध्यक्ष रेगनने थेट युरोपातल्या कंपन्यांवर निर्बंध लावले होते, आणि भडकली कोण तर त्याची खास मैत्रीण, ब्रिटनची पंतप्रधान थॅचर! नोव्हेंबरात रेगनला ते मागे घ्यावे लागले. त्यामुळे ‘इतिहासात पहिल्यांदाच’ असं लिहिलेलं दिसलं की मी पुढे वाचतच नाही.

दुसरं म्हणजे टक्का दिसला की लगेच विचारा, कशाचा टक्का? माझी फजिती इथेच झाली. मी डब्यात ठणकावून सांगितलं की जर्मनीची ६०-७० टक्के ऊर्जा रशियाची, ट्रम्पच म्हणाला तसं. आमच्यातले एक काका, रिफायनरीतून रिटायर झालेले, ते शांतपणे म्हणाले, अरे ऊर्जा आणि आयात केलेला गॅस यात फरक आहे ना? युक्रेनच्या युद्धाआधी जर्मनी जो गॅस बाहेरून आणायचा त्यातला साधारण ५५ टक्के रशियाचा, पण देशाच्या एकूण ऊर्जेत गॅसच मुळात पाव हिस्सा. म्हणजे रशियन गॅस एकूण ऊर्जेच्या आठव्या भागाच्या आसपास, तेल-कोळशाचा हिशोब वेगळा. कोपरखैरणे येईपर्यंत मी खिडकीबाहेर बघत होतो.

आता नाटोच्या दोन टक्क्यांचं, कारण सगळ्यात जास्त घोळ इथे आहे. लोकांना वाटतं नाटो म्हणजे सोसायटी, मेंटेनन्स थकवला म्हणून सेक्रेटरी ओरडतोय. तसं नाहीये. २०१४ ला वेल्सच्या बैठकीत ठरलं की प्रत्येकाने दहा वर्षांत आपल्या जीडीपीच्या २ टक्क्यांपर्यंत जायचं, तेही स्वतःच्याच सैन्यावर खर्च करून. म्हणजे सोसायटीला पैसे द्यायचे नाहीत, आपल्याच दाराला चांगलं कुलूप लावायचं. (नाटोचा सामाईक फंड आहे, पण तो वेगळा आणि त्या मानाने चिल्लर.) पुढे २०२५ ला हेगमध्ये २०३५ पर्यंत ५ टक्के ठरलं, साडेतीन थेट संरक्षणावर, दीड पूल-रस्ते-सायबर वगैरेंवर, आणि स्पेनने तेव्हाच सांगून टाकलं की आम्हाला जमणार नाही.

मग बघा माल पाइपने येतो की जहाजाने. पाइप एकदा टाकला की दोन्ही टोकं एकमेकांना बांधलेली. नॉर्ड स्ट्रीम २ ला (रशियातून थेट जर्मनीत येणारी गॅसची पाइपलाइन) पोलंड आणि युक्रेन एवढे का विरोध करत होते, तर बाल्टिक समुद्राखालून गॅस गेला की मधल्या देशांना वळसा, त्यांचं ट्रान्झिटचं भाडंही गेलं आणि रशियावरचा धाकही गेला. पाइपलाइन सप्टेंबर २०२१ ला बांधून झाली, २२ फेब्रुवारी २०२२ ला जर्मनीचा तेव्हाचा चॅन्सेलर शोल्त्झने तिची मंजुरी थांबवली, दोन दिवसांनी युद्ध सुरू. मग जर्मनीने डिसेंबर २०२२ मध्ये विल्हेल्म्सहाफेनला तरंगतं एलएनजी (थंड करून द्रवरूप केलेला, जहाजाने येणारा गॅस) टर्मिनल चालू केलं, एरवी तिकडे असल्या कामाला वर्षानुवर्षं लागतात. पण बातमीत हे कुणी सांगत नाही की एलएनजीचे करार बऱ्याचदा १५-२० वर्षांचे, आणि त्यात अट असते की माल उचला नाहीतर तसेच पैसे भरा. आपलाच कतारबरोबरचा करार २०२४ ला वाढवला तो थेट २०४८ पर्यंत. म्हणून ‘उद्यापासून खरेदी बंद’ असं कुणी नेता बोलला तर आधी करार किती साली संपतो ते शोधा.

आणि कागद नंतर परत काढा, कारण नावं बदलतात. युरोपच्या डाव्या रकान्यात आता एलएनजीसाठी मोठं नाव अमेरिकेचं आहे, २०२४ मध्ये बाहेरून आलेल्या एलएनजीतलं जवळपास ४५ टक्के तिकडचं. दोन्हीकडे एकच नाव आलं म्हणून शांतता होईल असं मला आधी वाटायचं, पण काका म्हणाले, पाण्याचा टँकरवाला आणि वॉचमनचा कॉन्ट्रॅक्टर एकच झाला तर सोसायटी त्याच्याशी भांडणार कुठल्या तोंडाने? बरोबर आहे त्यांचं.

भारताचा कागद भरताना एक काळजी घ्या, आपण कुणाच्याच लष्करी युतीत नाही, त्यामुळे उजव्या रकान्यात ‘धावून येणारा’ कुणी लिहू नका, शस्त्रं कुठून येतात ते लिहा. एस-४०० चा (विमानं-क्षेपणास्त्रं पाडणारी यंत्रणा) करार ऑक्टोबर २०१८ चा, रशियाशी. तेच एस-४०० तुर्कस्तानने जुलै २०१९ ला उतरवून घेतले तर त्याच महिन्यात अमेरिकेने त्याला एफ-३५ या आपल्या लढाऊ विमानाच्या प्रोग्रॅममधून बाहेर काढलं, कारण तो नाटोतला. आपल्याला फटका बसला तो डाव्या रकान्यातून, रशियन तेलामुळे ऑगस्ट २०२५ मध्ये जादा २५ टक्के टॅरिफ, एकूण ५०.

सरावाला हंगेरी घ्या. नाटोत १९९९ पासून, तेल रशियातून येणाऱ्या द्रुझ्बा पाइपलाइनने, पाक्शच्या अणुभट्ट्या सोव्हिएत बनावटीच्या. भरा रकाने. काकांनी मला तुर्भे यायच्या आत भरायला लावले होते.