शांग राजघराण्याबद्दल वाचताना या चुका टाळा

प्राचीन चीनमधलं शांग राजघराणं म्हटल्यावर डोळ्यांसमोर मातीच्या सैनिकांची रांग येते का? मग घराण्यांची सरमिसळ झाली. ते सैनिक छिन सम्राटाच्या समाधीजवळचे, त्याने इ.स.पू. २२१ मध्ये चीन एकछत्री केला. शांग सत्ता त्याच्या आठशे वर्षं आधीच, इ.स.पू. १०४६ च्या सुमारास, झोऊ घराण्याने उलथवली होती. तिचा पसारा आजच्या चीनएवढाही नव्हता; मुख्य प्रदेश पीत नदीच्या मैदानातला. त्यामुळे नकाशात अख्खा चीन एका रंगात दिसला, तर त्यावर विसंबू नका.

सर्वांत जास्त घोळ होतो तो अस्थिलेखांचा, म्हणजे कौल लावायच्या हाडांवर कोरलेल्या मजकुराचा. हाडावर आधी भविष्य लिहायचे आणि मग ते भाजायचे, असा अनेकांचा समज असतो. क्रम उलटा आहे. बैलाच्या खांद्याचं हाड किंवा कासवाच्या पोटाकडचं कवच घेऊन मागून खळगे पाडत, तिथे आच देत. पुढच्या बाजूला तडा जाई, तो पाहून कौल ठरे. मजकूर बहुधा त्यानंतर कोरला जाई: कोणत्या दिवशी, कोणी, काय विचारलं. पाऊस, पीक, लढाई, अगदी राजाची दातदुखीसुद्धा. ‘अंधश्रद्धा’ म्हणून हे लेख बाजूला सारू नका, त्या काळचा दरबार आपल्याला भेटतो तो इथेच.

एका लेखात राजा वू दिंगची राणी फू हाओ हिच्या बाळंतपणाचा कौल आहे. एकतीस दिवसांनी ती बाळंत झाली आणि पुढे नोंद आहे: चांगलं झालं नाही, मुलगी झाली. मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा पुढे वाचवेना. पण एवढ्यावरून शांग स्त्रियांना काही स्थानच नव्हतं असं म्हणाल, तर तीही चूकच. हीच फू हाओ तेरा हजारांच्या फौजेसह मोहिमेवर गेल्याचा उल्लेख अस्थिलेखांत आहे. शांगांची राजधानी होती त्या आनयांगला १९७६ मध्ये तिची कबर सापडली, चोरांचा हात न लागलेली. आत चारशेहून अधिक कांस्यवस्तू, सातशेहून अधिक जेडच्या वस्तू, हजारो कवड्या होत्या. आणि तिच्याबरोबर पुरलेली सोळा माणसंही. लखलखाट सांगताना ती माणसं गाळू नका.

कांस्यपात्रांचा हिरवा रंगही मूळचा नव्हे, तो जमिनीखाली चढलेला गंज. नवी पात्रं सोनेरी झळकत. चोळ मूर्तींसारखं मेण वितळवून हे ओतकाम होत नसे. मातीच्या साच्याचे तुकडे जुळवून त्यांत धातू ओतत. पात्राच्या अंगावर उभी शिवण दिसली, तर ती साच्याच्या सांध्याची खूण असते. म्हणून पात्र पाहताना आधी कडा बघा.