गाडीखाली डाग दिसला? सील बदलण्याआधी या चुका टाळा

गाडीच्या गळतीवर पैसे वाया जातात ते बहुतेक वेळा एकाच कारणाने: जो भाग ओला दिसला, तोच बदलला जातो. तेल जिथून सुटतं तिथेच टपकेल असं नाही. ते इंजिनाच्या अंगावरून ओघळतं, चालत्या गाडीत वाऱ्याने मागे सरकतं, एखाद्या बोल्टच्या टोकाशी जमतं आणि तिथून पडतं. म्हणून थेंबाच्या जागेपासून शोध वर आणि पुढच्या बाजूला न्यायचा. इंजिनाखाली प्लास्टिकचं कव्हर असेल, तर थेंबाच्या जागेवर अजिबात विसंबू नका. तेल कव्हरवर साठतं आणि भलत्याच भोकातून बाहेर येतं.

ही चूक सर्वात महाग पडते ती इंजिन आणि गिअरबॉक्सच्या सांध्यापाशी. तिथे तेल दिसलं की निदान ठरलेलं: क्रँकचं (इंजिनातल्या फिरत्या मुख्य दांड्याचं) मागचं सील गेलं. सील स्वस्त असतं, पण ते बदलायला गिअरबॉक्स उतरवावा लागतो आणि खरा खर्च तोच. टॅपेट कव्हरच्या, म्हणजे इंजिनाच्या वरच्या झाकणाच्या, पॅकिंगमधून किंवा ऑइल प्रेशर स्विचमधून सुटलेलं तेलही मागच्या अंगाने ओघळत नेमकं त्याच सांध्यावर येऊ शकतं. वरचा भाग कोरडा आहे हे स्वतःच्या डोळ्यांनी पाहिल्याशिवाय गिअरबॉक्स उतरवायला होकार देऊ नका.

ते पाहायचं तर आधी इंजिन साफ हवं. जुन्या चिकट थरात ताजी गळती शोधायला बसणं म्हणजे वेळेचा अपव्यय. इंजिन थंड असताना डिग्रीझरने पुसून काढा, थोडी चक्कर मारून या आणि टॉर्च घेऊन वरून खाली पाहत जा. तरीही सापडेना, तर इंजिन बंद असताना सांध्यांवर टाल्कम पावडर भुरभुरवा आणि पुन्हा चालवून बघा. पावडरीतल्या ओल्या रेघेचं वरचं टोक म्हणजे उगम. फारच बारीक गळतीसाठी तेलात चमकणारा डाय टाकून यूव्ही दिव्याखाली पाहतात, तो उपाय खात्रीचा.

रंगावरून अंदाज जरूर बांधा, निकाल देऊ नका. कूलंट, म्हणजे इंजिन थंड ठेवणारं द्रव, हिरवं, गुलाबी, नारिंगी, निळं, कसलंही असू शकतं. ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं तेल बऱ्याचदा लाल असतं, पण जुनं झालं की तपकिरी होतं आणि इंजिन ऑइलसारखं दिसतं. रात्रभर गाडीखाली पांढरा पुठ्ठा ठेवा, त्यावर पुढच्या चाकांच्या खुणा करा, म्हणजे थेंब कुठे पडला ते कळेल. बोटांत घेऊन पाहिलं की पाणी, तेल आणि चिकट-गोडसर वासाचं कूलंट यांतला फरक कळतो. चव मात्र घेऊ नका. बहुतेक कूलंटमध्ये एथिलीन ग्लायकॉल असतं, ते विषारी आहे. सांडलेलं लगेच पुसा, कुत्र्या-मांजरांना त्याचा गोडवा आवडतो. आणि एसी चालवल्यावर गाडीखाली, डॅशबोर्डच्या खालच्या बाजूला पडणारं स्वच्छ पाणी ही गळतीच नव्हे. उलट ते पडायचं थांबलं आणि आतला गालिचा ओला झाला, तर एसीची ड्रेन नळी तुंबली असं समजा.

पाना घेऊन सगळे बोल्ट आवळत सुटणं हा आवडता उद्योग. टॅपेट कव्हरचे बोल्ट अगदी हलक्या ताकदीने बसवायचे असतात. जास्त आवळले की पॅकिंग चेपून बाहेर येतं, प्लास्टिकचं कव्हर तडकतं. चेंबरच्या, म्हणजे इंजिनाखालच्या तेलाच्या भांड्याच्या, ड्रेन बोल्टचंही तेच: ठिबकत असेल तर ताकद वाढवण्याऐवजी वॉशर नवीन टाका. अॅल्युमिनियमच्या चेंबरचे आटे गेले की काम भलतंच वाढतं. ऑइल बदलल्यानंतर लगेच गळती सुरू झाली, तर आधी फिल्टर पाहा. जुन्या फिल्टरची रबरी रिंग इंजिनाला चिकटून राहते, तिच्यावरच नवा फिल्टर चढवला जातो आणि दाब आला की तेल भसाभसा बाहेर येतं.

गळती बुजवायला सांध्यावर मारलेला सिलिकॉनचा थापा मला सगळ्यात जास्त खटकतो. बाहेर दिसतो तेवढाच आतही दाबला जातो, त्याचे तुकडे चेंबरमध्ये पडून तेल ओढणाऱ्या जाळीवर अडकतात. गळती थांबते आणि इंजिन तेलाविना उपाशी राहतं. रेडिएटरमध्ये ओतायच्या ‘गळती बंद’ बाटल्याही तशाच. भोक बुजलं तर बुजलं, हीटरच्या बारीक नळ्या मात्र तुंबू शकतात.

नवी पॅकिंग टाकूनही दोन-तीन ठिकाणांहून तेल पाझरतंय? मग सीलला दोष देणं सोडा, इंजिनाच्या पोटातला वायू बाहेर सोडणारा पीसीव्ही व्हॉल्व्ह आणि ब्रीदरची नळी तपासा. ती तुंबली की इंजिनाच्या पोटात दाब साठतो आणि तेल मिळेल त्या सांध्यातून बाहेर पडतं. हे न पाहता सील बदलत राहिलं तर नवी सीलही तशीच गळतील.

कूलंट कमी होतंय पण खाली थेंबही नाही, तेव्हा लोक नुसतं भरत राहतात. वॉटर पंपाखालचं छोटं भोक, होज पाइपांची टोकं आणि आतला हीटर कोअर (डॅशबोर्डमागचा, गरम कूलंटवर चालणारा छोटा रेडिएटर) पाहा. काचेवर तेलकट धुकं येणं ही हीटर कोअर फुटल्याची खूण. सायलेन्सरमधून सतत पांढरा धूर येत असेल तर हेड गॅस्केटची, म्हणजे इंजिन ब्लॉक आणि हेड यांच्यामधल्या पॅकिंगची, शंका घ्या. इंजिन थंड असताना प्रेशर टेस्टर लावला की बाहेरची गळती बहुधा सापडते. काहीही झालं तरी गरम रेडिएटरचं झाकण उघडू नका, दाब सुटताच आतलं पाणी उकळून अंगावर येतं.

चाकाच्या आतल्या बाजूला पातळ, फिकट पिवळं द्रव दिसलं आणि ब्रेकचं पेडल मऊ लागलं, किंवा पेट्रोलचा वास आला, तर गाडी हलवायची नाही. टो करून न्या.

गाडीखाली शिरायचं तर नुसत्या जॅकच्या भरवशावर कधीच नाही. सपाट जागा, स्टँड आणि चाकांना अडसर, तिन्ही हवेत. दुरुस्तीनंतर खालचं कव्हर आतून पुसून घ्या. त्यात साचलेलं जुनं तेल काही दिवस ठिबकतं, आणि व्यवस्थित झालेलं काम पुन्हा उघडलं जातं.