सीमाभागातील गावात घराण्याचे मूळ शोधताना

खानापूर किंवा निपाणीकडच्या गावात घराण्याचे मूळ शोधायचे असेल, तर कचेरीची पायरी चढण्याआधी घरातल्या सर्वांत वयस्कर आजीजवळ निवांत बसावे; कुलदैवत, देवक आणि सुनांची माहेरे तिच्याइतकी कोणत्याही कागदाला ठाऊक नसतात. मग शेताचा सर्व्हे नंबर घेऊन तहसील कचेरीत जुने उतारे मागावेत. १ नोव्हेंबर १९५६ पूर्वी बेळगाव जिल्हा मुंबई राज्यात होता, त्यामुळे मोडी आणि कन्नड अशा दोन्ही लिप्या वाचणारे जाणकार आधीच गाठून ठेवावेत. एका उताऱ्यावर ‘रामा’, दुसऱ्यावर ‘रामू’ दिसल्यास ते दोघे भाऊ असल्याचे लगेच मानू नये. बापाचे नाव ताडून पाहावे. वंशावळ सांगणारा हेळवी दारी आलाच, तर शिधा देऊन त्याच्याकडची नावे उतरवून घ्यावीत.