'नगरसेवक कायले पायजेत?' म्हणणाऱ्याला कसं पटवायचं

नागपुरात महापालिकेच्या झोन ऑफिससमोर माझं झेरॉक्सचं दुकान आहे. झेरॉक्स, लॅमिनेशन, फॉर्म भरून देणं आणि अर्ज लिहून देणं. यातलं शेवटचं काम सगळ्यात जास्त चालतं. गडर (सांडपाण्याची लाइन) तुंबली, खांबावरचा लाइट बंद आहे, टॅक्सच्या पावतीवर अजून वारलेल्या आजोबांचंच नाव येतं, शेजाऱ्यानं नालीवर ओटा बांधला, असं सगळं माझ्या टेबलावरून जातं. अर्जात 'प्रति'च्या खाली कोणाला घालायचं, हे मला रोज ठरवावं लागतं. नगरसेवकांची मुदत संपून ५ मार्च २०२२ ला महापालिकेवर प्रशासक आले, तेव्हापासून १५ जानेवारी २०२६ च्या मतदानापर्यंत सगळे अर्ज 'मा. आयुक्त तथा प्रशासक' यांच्या नावानं गेले. 'मा. नगरसेवक' ही ओळ कॉम्प्युटरमध्ये नुसती पडून होती.

याच काळात दुकानात एक बोलणं वाढलं. "इतके दिवस नगरसेवक नव्हते, काय अडलं बे? सरकारनं एकेका वॉर्डात एक चांगला शिकलेला माणूस नेमावा, झालं." असं म्हणणारे वाईट लोक नसतात. बहुतेक टॅक्स वेळेवर भरणारे, पेपर पूर्ण वाचणारे असतात. त्यांच्याशी बोलायची माझी एक पद्धत ठरली आहे, ती इथे देतो. तुमच्या फ्लॅट स्कीममध्ये, ले-आउटच्या मीटिंगमध्ये कामी पडेल. पानठेल्यावर वापरू नका, तिथं कोणी शेवटपर्यंत ऐकत नाही.

सुरुवात समोरच्याची तक्रार मान्य करण्यापासून करा. बाकावर नाव, कमानीवर नाव, वाढदिवसाला चौक झाकणारे होर्डिंग, गट्टू (फरशीचे ब्लॉक) बसवायचं काम भाच्याला, नगरसेविका घरी आणि तिचे मिस्टर ऑफिसात. हे सगळं खरं आहे, तुम्हालाही माहीत आहे. वर आपल्याकडे २०१७ पासून चार सदस्यांचा प्रभाग. १५१ जागा, ३८ प्रभाग, एक सोडला तर प्रत्येकात अ, ब, क, ड असे चार. त्यामुळे अ म्हणतो ड ला विचारा, ड म्हणतो ब चा फंड आहे. माझं स्पष्ट मत आहे की एका वॉर्डाला एकच नगरसेवक असावा. हे आधीच बोलून टाका. मग समोरचा माणूस तुम्हाला कोण्या पक्षाचा समजत नाही आणि खुर्ची ओढून बसतो.

आता त्याला विचारा, "काका, तुमच्या स्कीमचा सेक्रेटरी बिल्डरनं नेमला तर चालेल का? बिल्डर चांगला आहे, माणूसही सीए आहे." अजूनपर्यंत मला कोणी हो म्हटलेलं नाही. का नाही, हे त्यालाच सांगू द्या. तो सांगेल की असा सेक्रेटरी लिफ्टचं काम बिल्डरच्याच माणसाला देईल, आणि त्याला काढायचं म्हटलं तरी बिल्डरकडेच जावं लागेल. यावर तुम्ही काही जोडू नका. पुढच्या मुद्द्याकडे वळा.

पुढचा मुद्दा सह्यांचा, म्हणजे मंजुरी कोण देतं याचा. पण इथे लोक 'लोकशाही', 'हक्क' असे शब्द घालतात आणि ऐकणारा घड्याळ पाहतो. कागद कसा फिरतो तेवढंच सांगा. निवडून आलेली महापालिका असते तेव्हा आयुक्त बजेट तयार करून स्थायी समितीपुढे ठेवतात. समितीत सोळा सदस्य. तिथून ते सभागृहात, म्हणजे सगळ्या नगरसेवकांच्या सभेत जातं. महालातल्या टाऊन हॉलमध्ये वर्षानुवर्षं या सभा गाजल्या. गोंधळ होत असे, माइक ओढले जात, पण त्यातच कोणी उठून विचारे की माझ्या भागातल्या नाल्याची भिंत तीन बजेट झाली कागदावरच का आहे. प्रशासक असतात तेव्हा स्थायी समितीचे अधिकारही त्यांचेच आणि सभागृहाचेही. मागणारा, तपासणारा आणि मंजूर करणारा एकच. त्या खुर्चीत अगदी देवमाणूस बसवला तरी त्याला भर सभेत उभं राहून 'का?' विचारणारं कोणी उरत नाही.

इथे समोरचा बहुतेक वेळा सप्टेंबर २०२३ चा पूर काढतो, नाही काढला तर तुम्ही काढा. २२ तारखेच्या रात्री काही तासांत शंभर मिलिमीटरहून जास्त पाऊस पडला, अंबाझरी तलाव ओव्हरफ्लो झाला आणि नाग नदीकाठच्या वस्त्यांत, अंबाझरी ले-आउट, डागा ले-आउट, कार्पोरेशन कॉलनीत लोक झोपेतून उठले ते पाण्यातच. हे सांगताना एक पथ्य पाळा. 'नगरसेवक असते तर पूर आला नसता' असं चुकूनही म्हणू नका. पाऊस तेवढाच पडला असता, तलावही तसाच भरला असता, आणि तुमचा मुद्दा तिथेच मेला असता. नंतरचं बोला. गाळ कोण काढणार, पंचनाम्यात कोणतं घर सुटलं, सांडव्यासमोरच्या अडथळ्याचं काय, हे विचारायला त्या वस्त्यांकडे महापालिकेतला हक्काचा माणूस नव्हता. लोक आमदारांकडे गेले, मंत्र्यांच्या गाडीमागे धावले, शेवटी काही रहिवासी उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठात गेले. नाल्याच्या प्रश्नासाठी वकील करावा लागावा, हे कोणत्या व्यवस्थेत चांगलं म्हणायचं?

आता तुमच्यावर सगळ्यात मोठा दगड येईल: तुकाराम मुंढे. "पाहा, नेमलेला माणूस कसं काम करतो!" जानेवारी २०२० मध्ये ते आयुक्त म्हणून आले, सभागृहाशी त्यांचं पटलं नाही, एका सभेतून ते उठून गेले, आणि त्यांना मानणारे नागपुरात आजही पुष्कळ आहेत. या वादात पडू नका. त्यांची स्तुती करणाऱ्याला स्तुती करू द्या, नंतर विचारा, "मग गेले कसे?" ऑगस्टमध्ये त्यांची बदली झाली. इतक्या नागपूरकरांना ते हवे होते, तरी त्यांना ठेवून घ्यायला या शहराकडे एक मतसुद्धा नव्हतं. नको असलेला नगरसेवक पाच वर्षांनी घरी बसवता येतो आणि हवा असलेला परत आणता येतो. साहेबाच्या बाबतीत दोन्ही नाही. आवडत्या माणसाचं उदाहरण असल्यानं हा मुद्दा डोक्यात बसतो.

आणि इथेच खास आपल्या गावचा मुद्दा टाका. 'साहेब नेमा' म्हणणारे आमच्याकडचे निम्मे लोक दुसऱ्या वाक्यात म्हणतात, "आपल्या विदर्भाचं सगळं मुंबईच ठरवते." विदर्भ महाराष्ट्रात यावा म्हणून झालेल्या १९५३ च्या नागपूर कराराची कलमं त्यांना तोंडपाठ असतात. हिवाळी अधिवेशन किती दिवस चाललं, याचा हिशेब ते डिसेंबरात रोज ठेवतात. त्यांना शांतपणे विचारा की तुमच्या गल्लीचा माणूस नेमायची फाइल कुठं तयार होईल. मंत्रालयात. म्हणजे अनुशेष, निधी, विद्यापीठ, सगळं मुंबईच्या हाती गेलं म्हणून रडायचं आणि गल्लीतली गडरही आपल्याच हातानं तिकडे पाठवायची! माझ्याकडे एक निवृत्त बँक मॅनेजर काका येतात, पक्के वेगळ्या विदर्भाचे. या प्रश्नावर त्यांनी चष्मा काढून पुसला आणि म्हणाले, "हे तू बरोबर पकडलं." त्यांच्याकडून एवढं म्हणजे फार झालं.

नासुप्रचं उदाहरण जपून वापरा, पण वापरा जरूर. नागपूर सुधार प्रन्यास १९३६ च्या कायद्यातून आलेली संस्था. तिच्या विश्वस्तांत लोकप्रतिनिधी असतात, पण सभापती सरकार नेमतं. प्रन्यासनं ले-आउट पाडले, बगिचे केले, रस्ते केले, ते नाकारू नका. प्रश्न हा की एका शहरात दोन दारं झाली. डेव्हलपमेंट चार्ज एकीकडे भरायचा, टॅक्स दुसरीकडे, आणि गडर कोणाची हे विचारत दोन्हीकडे फिरायचं. ती बरखास्त करा, अशी मागणी वर्षानुवर्षं झाली. एका सरकारनं बरखास्त करायचं ठरवलं, पुढच्यानं ती कायम ठेवली. दोन्ही निर्णय मंत्रिमंडळाचे. ज्या लोकांच्या प्लॉटवर तिचे नियम चालतात, त्यांना कोणी विचारलंच नाही. नेमलेल्या संस्थेचं दुखणं ते हेच.

'तज्ज्ञ हवेत' म्हणणाऱ्याला उत्तर सोपं आहे. ते आधीच आहेत. ७४ वी घटनादुरुस्ती १९९३ ला लागू झाली. तिच्यातल्या अनुच्छेद २४३-आर मध्ये म्हटलंय की जागा थेट निवडणुकीनं भरायच्या, आणि महापालिकेच्या कारभाराचं विशेष ज्ञान किंवा अनुभव असलेले लोक कायद्यानं घेता येतील, पण त्यांना सभेत मत नसेल. हेच आपले स्वीकृत नगरसेवक. डॉक्टर, इंजिनिअर, वकील, सीए, सामाजिक संस्थेतले लोक असे निकष नियमांत लिहिलेले आहेत. पूर्वी पाच जागा होत्या, आता दहापर्यंत. आता समोरच्याला विचारा की आजवर अशा जागेवर गेलेला एखादा डॉक्टर किंवा इंजिनिअर त्याला आठवतो का. बहुतेकांना पडलेला उमेदवार किंवा तिकीट न मिळालेला कार्यकर्ताच आठवतो. दहा जागांची नेमणूक अशी होते, तर १५१ जागांची कशी होईल, हे त्याचं त्यालाच कळतं.

बायकांचा मुद्दा पुरुषांच्या बैठकीत हमखास राहून जातो. आपल्याकडे निम्म्या जागा महिलांसाठी राखीव आहेत, शिवाय अनुसूचित जाती, जमाती आणि ओबीसींच्या जागा. नेमणुकीच्या यादीत हे कोण सांभाळणार? मिस्टर कारभार पाहतात ही तक्रार खरी, पण ती सगळ्यांची शेवटपर्यंत खरी राहत नाही. माझ्या काउंटरवर मी पाहिलंय. सुरुवातीला पत्र टाइप करायला मिस्टर येतात, नंतर दोघं येतात, मग एक दिवस बाई एकट्याच येऊन म्हणतात, "भाऊ, 'विनंती' काढा, तिथं 'तातडीने' लिहा."

"इंग्रजांच्या वेळी बरं होतं" म्हणणारे आजोबा असतील तर त्यांना एवढंच सांगा की व्हाइसरॉय रिपनसाहेबाला १८८२ मध्येच नेमलेल्यांचा कंटाळा आला होता आणि त्यानं स्थानिक मंडळांत निवडून आलेले लोक वाढवायचा ठराव काढला. आजोबा हसतात, विषय संपतो.

कायद्याचं शेवटी आणि थोडक्यात. मुदत पाच वर्षं आणि ती संपायच्या आत निवडणूक, असं घटनेचा अनुच्छेद २४३-यू सांगतो. आपली मुदत ४ मार्च २०२२ ला संपली. ओबीसी आरक्षण आणि प्रभागरचनेच्या वादात निवडणुका अडकल्या, ६ मे २०२५ ला सर्वोच्च न्यायालयानं आदेश दिला तेव्हा कुठे गाडी हलली. 'काही अडलं नाही' म्हणणाऱ्याला अंदाजानं उत्तर देऊ नका, कागद दाखवा. माहिती अधिकाराचा नमुना 'अ' घ्या, दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावा आणि आपल्या प्रभागापुरतं मागा: २०२१-२२ मध्ये आणि २०२४-२५ मध्ये कोणती कामं मंजूर झाली, किती रकमेची, आणि मंजुरी कोणत्या ठरावानं. 'सर्व माहिती द्यावी' असं मोघम लिहिलं तर उत्तरही मोघमच येतं. तीस दिवसांची मुदत असते. दोन वर्षांचे कागद शेजारी ठेवले की काय अडलं आणि काय नाही, ते दिसतं. कधी कधी तुमच्या म्हणण्याच्या उलटही दिसेल. तेही मीटिंगमध्ये वाचून दाखवा, पुढच्या वेळी लोक तुमचं ऐकतील.

आणि पटलं, की त्याच बैठकीत त्याला कामाला लावा. चार सदस्यांच्या प्रभागात अर्ज कधी एकाच्या नावानं देऊ नका. 'प्रति' खाली चारही नावं एकाच कागदावर लिहा, प्रत झोनच्या सहायक आयुक्तांना द्या. विषय एकच ठेवा, गडर म्हणजे गडर, त्यात कुत्रे आणि लाइट घालू नका. खांबाचा नंबर, घराच्या आधीची खूण आणि कधीपासून, हे लिहा. सह्या दहा पुरतात, पण त्या त्याच गल्लीतल्या हव्यात. आपल्या प्रतीवर शिक्का आणि आवक क्रमांक घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका. पंधरा दिवसांत काही हललं नाही तर त्याच आवक क्रमांकाचा हवाला देऊन दुसरा अर्ज करा, आणि त्यात चौघांना विचारा की येत्या सभेत हा विषय कोण मांडणार.