हरणांच्या प्रश्नावर गावाचं एकमत होत नाही? या चुका टाळा

सांगली जिल्ह्यातल्या देवराष्ट्रे, कुंभारगाव, मोहित्यांचे वडगाव या पट्ट्यात हरणांचा विषय निघाला की बैठक हमखास भांडणावर उठते. सागरेश्वर अभयारण्य जेमतेम १०.८७ चौरस किलोमीटरचं. भोवती कुंपण, आत चितळ, सांबर, काळवीट आणि कुंपणाबाहेर ताकारी उपसा सिंचन योजनेच्या पाण्यावरचं हिरवंगार रान. तिढा खरा आहे, पण सुटू शकतो.

सगळ्यात महागात पडते ती चूक म्हणजे सगळं नुकसान हरणांच्या नावावर घालणं. बैठकीआधी शेतकरी आणि वनरक्षक दोघांनी मिळून बांधावर जावं. हरणाला वरचे पुढचे दात नसतात. ते देठ चावून तोडत नाही, ओढून तोडतं. त्यामुळे हरभऱ्याचा शेंडा गेलेला असतो आणि देठाच्या टोकाला धागे लोंबतात. माती नांगरल्यासारखी उकरलेली असेल, तर ते रानडुकराचं काम. हे दोघांनी एकाच वेळी पाहिलं की निम्मा वाद तिथेच मिटतो, हा माझा अनुभव आहे.

दुसरी चूक आकड्यांची. वनखात्याचा आकडा गावाला खोटा वाटतो आणि गावाचा खात्याला फुगवलेला. बुद्ध पौर्णिमेच्या पाणवठ्यावरच्या गणनेला प्रत्येक गावातली दोन पोरं मचाणावर बसू द्या. आपल्या पोराने मोजलेला आकडा गाव मानतं.

बैठकीला फक्त पुढारी बोलावू नका. रात्री राखणीला जाणारे, वाट्याने शेती करणारे, मेंढपाळ, देवस्थानची मंडळी, सगळे हवेत.

"मारायला परवानगी द्या" या मागणीवर अडून बसण्यात वर्षं जातात. काळवीट आणि सांबर वन्यजीव कायद्याच्या अनुसूची १ मध्ये, म्हणजे सर्वाधिक संरक्षण असलेल्या यादीत आहेत. त्यापेक्षा चितळ चांदोलीच्या राष्ट्रीय उद्यानाकडे हलवण्यावर बोला, तिथे वाघाला भक्ष्य हवंच आहे. पण उद्याच ट्रक भरा, असा हट्ट नको. चितळ भेदरून दगावतं, म्हणून बोमा पद्धतीने, म्हणजे नरसाळ्यासारख्या निमुळत्या कुंपणात, चाऱ्याची सवय लावून, सावकाश पकडावं लागतं.

भरपाईचं दुखणं वेगळं. तक्रार तीन दिवसांत द्यायची असते. पीक काढून झाल्यावर पंचनामा कशाचा करणार? बांधावरच फोटो काढा, अर्जाची पोच घ्या.

आणि "सर्वांचं सहकार्य राहील" असला ठराव लिहूच नका. जाळी कुठल्या गटाजवळ तुटली आहे, कोण जोडणार, कुठल्या तारखेपर्यंत, एवढं लिहा आणि उठण्याआधी सगळ्यांसमोर मोठ्याने वाचून दाखवा.